सात नंबरची काठी

आमचं लग्न ठरलं तेव्हा माझ्या वडिलांनी व्हर्लिनला एकच गोष्ट विचारली, मासे धरतोस का. तो म्हणाला, धरतो की, ट्राउट धरतो. वडिलांनी नुसती मान हलवली आणि स्वयंपाकघरात जाऊन आईला सांगितलं, पोरगा चांगला आहे, पण ट्राउटवाला निघाला. आईने हात पुसले आणि म्हणाली, चालायचंच.

मेनॉमिनी नदीच्या काठी न वाढलेल्यांना यातलं दुखणं कळायचं नाही. आमच्याकडे कागद गिरणीतली माणसं सपाट बुडाच्या होड्या घेऊन मोठ्या नदीवर जातात आणि स्मॉलमाउथ बास नावाचा मासा धरतात. शाळामास्तर, दातांचे डॉक्टर, असली मंडळी जंगलातल्या गार ओढ्यांवर जातात, कमरेइतक्या पाण्यात बगळ्यासारखी उभी राहतात आणि चिलटाएवढी पिसांची माशी दोऱ्याला बांधून ट्राउट धरतात. बासला ती बेडूकखाऊ म्हणतात. आम्ही त्यांना काय म्हणतो ते इथे नको. मी गिरणी कामगाराची मुलगी आणि व्हर्लिन शाळेत विज्ञान शिकवायचा. चाळीस वर्षं शनिवारी सकाळी तो त्याच्या ओढ्यावर गेला आणि मी माझी बहीण मार्लिसला घेऊन नदीवर. भांडण नव्हतं. एकत्र जायचं मात्र कधी कुणाच्या मनात आलं नाही.

मग त्याचे डोळे जायला लागले. नजरेच्या बरोबर मधोमध एक डाग पडतो आणि तो पसरत जातो, कडेकडेचं तेवढं दिसत राहतं. ग्रीन बे शहरातल्या डॉक्टरणीने सांगितलं की व्हर्लिनचा प्रकार औषधाला दाद देणारा नाही. हिवाळ्यात त्याच्याकडून त्या पिसांच्या माश्यांना गाठी बसेनात. दोन-दोन तास टेबलाशी बसायचा आणि उठताना म्हणायचा, दिवा चांगला नाही. मी तीन वेळा दिवा बदलला. मे महिन्यात ओढ्यात पाय घसरून पडला आणि एका अनोळखी माणसाने त्याला काठावर ओढून काढलं. त्या दिवशी घरी येऊन त्याने पाण्यात उतरायची रबरी विजार गॅरेजमध्ये टांगली आणि तो स्वयंपाकघरातल्या खिडकीशी खुर्ची घेऊन बसला.

बसला तो बसलाच. रेडिओ लावायचा, पण ऐकायचा नाही. दाढी करायची तर मी चार वेळा सांगायचं. विचारलं काही तर हं. या हं वर मी जून महिना काढला. माझ्यासारख्या बाईला भांडण परवडतं, पण हं नाही परवडत. मी रोज सांगायचे, माझ्या होडीत चल, उभं राहायला नको, पडायला नको, बासला असली चिलटं लागत नाहीत. तो म्हणायचा, बास? शेजाऱ्याच्या कुत्र्याला आंघोळ घाल म्हटल्यावर माणूस जसं तोंड करील तसं करायचा.

जुलैत एकदाचा वैतागला. म्हणाला, "एकदा येतो. एकदाच. नाही जमलं तर माझी सगळी काठ्या-रिळं ट्राउटवाल्यांच्या क्लबला देऊन टाकायची आणि तू पुन्हा हा विषय काढायचा नाहीस. कबूल?"

मी कबूल म्हटलं. दुसरं काय म्हणणार? रात्रभर डोळ्याला डोळा नाही. नाही जमलं तर हा माणूस त्या खुर्चीतच संपणार, हे मला स्वच्छ दिसत होतं आणि मी त्यावर होकार देऊन बसले होते.

ट्रुडीचं दुकान पुलाच्या अलीकडे आहे. ती काठ्या विकते आणि लोकांना होडीतून नदीवरही नेते. तिची पद्धत अशी की नदीवर एक दिवस वापरल्याशिवाय ती कुणाला काठी विकत नाही. सकाळी न्यायची, दुसऱ्या दिवशी ठेवायची की परत द्यायची ते सांगायचं. व्हर्लिनला ती शाळेपासून ओळखते, त्याने तिला विज्ञानात नापास केलं होतं. आम्ही आत शिरलो तशी म्हणाली, "या सर. आज तुमची परीक्षा."

व्हर्लिनने आपली पाच नंबरची ट्राउटची काठी बरोबर आणली होती. जितका नंबर मोठा तितकी काठी दणकट आणि दोरी जड. पाच नंबरची म्हणजे वेताच्या छडीसारखी लवचिक, त्याची लाडकी. तो म्हणाला, काठी ही चालेल, फक्त बासच्या माश्या दाखव. मी तोंड उघडलं होतं, पण ट्रुडीने मला डोळ्याने गप्प केलं. तिने एक पॉपर घेतला. पॉपर म्हणजे अंगठ्याएवढं बुचाचं डोकं आणि मागे पिसं आणि रबराचे पाय, पाण्यावर ओढला की बुडबुड करत बेडकासारखा चालतो. तो तिने त्याच्या दोरीला बांधला आणि त्याला दुकानामागच्या गवतावर नेलं. गळाचं टोक आधी तोडून टाकलं होतं, हे तिचं शहाणपण.

व्हर्लिनने त्याच्या त्या सुंदर सवयीने काठी मागे नेली, पुढे आणली आणि पॉपर फाडकन त्याच्याच टोपीवर आदळला. पुन्हा टाकला. पुन्हा टोपी. तिसऱ्यांदा कान. मी हसले नाही. हसू खूप आलं, पण त्याचं तोंड बघून गिळलं.

ट्रुडीने सात नंबरची काठी त्याच्या हातात दिली. तो म्हणाला, हा तर कुदळीचा दांडा आहे. ती रिळावर दोरी चढवत होती, नारिंगी, पुढचा भाग जाड आणि जड, म्हणजे एवढं मोठं बूच वाऱ्यातूनही ओढून नेईल. त्याने फेकली. घाई झाली, दोरी पायाशी गोळा झाली. ट्रुडी म्हणाली, मागे बघू नका सर, मागे दोरी सरळ झाली की वजन हाताला कळतं, तेव्हाच पुढे आणा. ट्राउटवाले मागची दोरी मान वळवून बघतात. याला आता बघून काही मिळत नव्हतं. तो थांबला, हाताने ऐकल्यासारखा थांबला आणि काठी पुढे आणली. दोरी लांबच लांब जाऊन कुंपणापलीकडे पडली. पुन्हा टाकली. मग आणखी चार वेळा टाकली, कुणी सांगितलेलं नसताना.

आत आल्यावर दोरीच्या टोकाचा धागा निवडायचा होता. ट्राउटला तो केसासारखा बारीक आणि लांबच लांब लागतो, माशाला दिसू नये म्हणून. बासला त्याची फिकीर नसते, आखूड आणि जाड चालतो. व्हर्लिनने तो जाड धागा बोटात फिरवला आणि म्हणाला, "याने गाय बांधतात." आणि बोलता बोलता त्याने मघाचा पॉपर उचलला, धागा चाचपत भोकातून ओवला आणि न बघता गाठ मारली. ओली केली, आवळली, ओढून बघितली. बसली. ट्रुडी एकदम काउंटरखाली काहीतरी शोधायला लागली. मी टोप्या बघायला गेले. हिवाळ्यानंतरची ती त्याची पहिली गाठ होती आणि मला डोळे पुसायचे होते.

राहिला पॉपर. ट्रुडीने खण पुढे केला, पिवळे, काळे, हिरवे. मी म्हटलं पिवळा घे, पाण्यावर दिसतो. त्याने माझ्याकडे लक्षच दिलं नाही. दाराशी ट्रुडीच्या कुत्र्याचं पाण्याचं भांडं होतं. हा तिथे गुडघ्यावर बसला आणि एकेक पॉपर भांड्यात सोडून झटका देऊन ऐकायला लागला. कुत्रा उठून जवळ आला आणि मान वाकडी करून बघत राहिला. एक हलका वाजला, एक फुसका. एका काळ्या, खोलगट तोंडाच्या पॉपरने गुडुप असा भरीव आवाज काढला. "हा," तो म्हणाला. आणि मला पटलं की हा माणूस अजून हरलेला नाही.

ट्रुडीने आमची गाडी खालच्या धक्क्यावर नेऊन ठेवायची व्यवस्था केली. वरून होडी सोडायची आणि प्रवाहाबरोबर दिवसभरात खाली उतरायचं, मध्ये कुठे बाहेर पडायला वाट नाही. मी वल्ह्यांवर बसले, व्हर्लिन पुढे, माझ्याकडे पाठ करून. बसता बसता त्याने एक अट घातली. बोलायचं नाही. त्यांच्या ट्राउटच्या ओढ्यावर म्हणे चर्चपेक्षा जास्त शांतता असते, आणि आता त्याला कानांवरच काम करायचं होतं. मी म्हटलं, बरं. कुठे टाकायचं तेवढं सांगीन. डावीकडे, खडकाजवळ. उजवीकडे, पडलेल्या झाडाखाली. एवढंच.

एवढंच बोलून मी सकाळ काढली, यावर मार्लिसचा अजून विश्वास बसलेला नाही.

पहिला मासा लवकरच आला. पॉपर खडकाच्या सावलीत पडला, व्हर्लिनने दोरीला झटका दिला, गुडुप, आणि खालून पाणी फुगलं आणि धप्पकन पॉपर दिसेनासा झाला. आवाज झाला त्याच क्षणी व्हर्लिनने काठी वर उचलली. पॉपर माशाच्या तोंडातून निघाला आणि माझ्या कानाजवळून भुंग्यासारखा मागे गेला.

इथेच ट्राउटवाल्यांचं घोडं पेंड खातं. ट्राउटने माशी घेतली की काठी हलकेच उचलायची, जन्मभराची सवय. बास जबडा उघडून पॉपर गिळतो, तोंड मिटायला त्याला जरा वेळ लागतो, आणि तोंड आतून चामड्यासारखं टणक. तेव्हा काठी खालीच ठेवायची, दोरीला वजन येईपर्यंत थांबायचं आणि मग डाव्या हाताने दोरी सरळ मागे ओढायची. हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, ठाऊक आहे मला. दुसरा आला, धप्प, काठी वर, गेला. तिसरा गेला. मग एक मोठा होता, त्याची पाठ मला दिसली, ब्राँझच्या रंगाची. तोही गेला. दरवेळी व्हर्लिन स्वतःशी म्हणायचा, थांबायचं, थांबायचं, आणि दरवेळी आवाज झाला की हात वर. आधी डोळ्यांनी घाई करायचा, आता कानांनी करत होता.

दुपार झाली. आम्ही सॉसेजचे सँडविच खाल्ले. त्याने अर्धा ठेवला. मग दोरी गुंडाळून घेतली, पॉपर काठीला अडकवला आणि म्हणाला, "झालं. बघितलं ना तू?"

मी म्हटलं, अजून अर्धी नदी आहे. तो म्हणाला, असू दे. कबूल केलं होतंस.

कबूल केलं होतं, खरं आहे. पण खालचा धक्का लांब होता, उतरायला वाट नव्हती आणि वल्ही माझ्या हातात होती. माझं डोकं फिरलं. म्हटलं, मासे नाही धरायचे ना, मग शांतता कुणासाठी? आणि मी सकाळपासूनचं साठलेलं सोडलं. मार्लिसने आणलेल्या कोंबड्या, त्यातल्या दोन कोंबडे निघाले ते. चर्चच्या जेवणातला हरवलेला मोठा टोप आणि तो कुणाच्या तळघरात आहे याबद्दल माझं मत. व्हर्लिनने सुस्कारा टाकला. थोड्या वेळाने त्याने काठी उचलली आणि पॉपर पाण्यात टाकला. मासे धरायला नव्हे. नुसतं बसून माझं ऐकण्यापेक्षा हाताला काम बरं म्हणून.

टोप चर्चमधल्या नॉर्मा पेल्कीकडेच आहे असं मी म्हणत होते आणि तो, तिच्याकडे तीन टोप आहेत, ती कशाला नेईल, असं उलट सांगत होता, तेवढ्यात पॉपर गेला. मी पाहिलं. त्याला कळलंच नाही. तो टोपांचंच बोलत होता आणि मग दोरी त्याच्या बोटांतून चालायला लागली, आणि हाताने आपोआप तिला मागे ओढलं. काठी वाकली. मासा पाण्याबाहेर उसळला, डोकं झटकलं, पुन्हा उसळला, आणि गळ सुटला.

दोरी सैल पडली. होडी हळूहळू वाहत होती.

"मला आवाज ऐकूच आला नाही," व्हर्लिन म्हणाला.

"मी बोलत होते."

"तेच म्हणतोय." त्याने पॉपर चाचपून बघितला, गाठ तपासली आणि दोरी हवेत घेतली. "बोल."

आता बोल म्हटलं की कोण बोलू शकतं? चाळीस वर्षांत या माणसाने मला कधी बोल म्हटलं नव्हतं. मी नॉर्माचा टोप पुन्हा उकरला, पण त्यात जीव नव्हता. नव्या पाद्र्याच्या बायकोबद्दल चार वाक्यं बोलले, ती संपली. हवेबद्दल बोलले. व्हर्लिन पाठमोरा बसून टाकत होता, थांबत होता, ओढत होता. पुढे पडलेल्या झाडाजवळ पाणी काळं आणि खोल होतं, तिथे मासा असणारच. डावीकडे झाडाखाली टाक, म्हटलं. त्याने नेमका टाकला. आणि माझ्याजवळ बोलायला काहीच उरलं नाही, म्हणून जे होतं ते बाहेर आलं.

"तू त्या खुर्चीत बसतोस ना," मी म्हटलं, "तेव्हा मी दाराशी येऊन बघते, तुझी छाती हलतेय का. मला भीती वाटते, व्हर्लिन. डोळ्यांची नाही. डोळ्यांचं बघू आपण काहीतरी. तू आवरायला घेतलंयस, त्याची भीती वाटते."

झाडाखालचं पाणी फुगलं. पॉपर गेला. मला दिसलं, धप्प ऐकू आलं. आवाज चढू दिला असता, एक श्वास जरी अडकला असता, तरी त्याचा हात वर गेला असता. मी त्याच पट्टीत बोलत राहिले.

"मला एकटीने कॉफी प्यायची सवय होईल. माणसाला सगळ्याची होते. पण मला ती सवय नको आहे. मला तू हवा आहेस, भांडायला का होईना."

त्याने दोरी ओढली. सरळ, लांब, काठी पाण्याशी ठेवून. सात नंबरची ती काठी मुठीपर्यंत वाकली. मासा एकदा वर आला, लाल डोळ्यांचा, अंगावर पट्टे, मग खोल गेला आणि होडीच फिरवायला लागला. मी वल्ही मारत होते आणि रडत होते आणि दोन्ही त्याच्या पाठीमागे चाललं होतं. बराच वेळ लागला. शेवटी त्याने हात पाण्यात घातला, चाचपत माशाचा खालचा ओठ अंगठ्याने धरला आणि उचलला. दुसऱ्या हाताने डोक्यापासून शेपटीपर्यंत त्याला चाचपून बघितलं, सावकाश. मग पाण्यात धरून ठेवला आणि सोडला.

सोडल्यावर तो फळीवर वळून माझ्याकडे तोंड करून बसला आणि बघायला लागला. माझ्याकडे नाही, माझ्या कानाच्या बाजूला. मला वाटलं मागे काठावर हरीण आलंय. मी वळून बघितलं, काही नव्हतं.

"काय बघतोस?"

"तुला," तो म्हणाला. "सरळ बघितलं की तुझा चेहरा जातो. कानाकडे बघितलं तर थोडा येतो. हनुवटी, केस."

"कधीपासून?"

"एप्रिल."

एप्रिलपासून मी रोज त्याच्यासमोर बसून जेवत होते. मला वाटत होतं, वाचायचं गेलं, गाठी गेल्या, एवढंच. "आणि मला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू गप्प झाली असतीस," व्हर्लिन म्हणाला. "माझ्याकडे सांभाळून बघत बसली असतीस, आणि ते मला दिसलं नसतं. तुझं बोलणं तेवढं अजून पूर्ण येतं माझ्यापर्यंत."

मग मात्र मी खरंच गप्प झाले. तो वळून बसला, पॉपर पुसला आणि खालच्या खडकांकडे फेकला. एक झटका दिला, थांबला, दुसरा दिला.

"डोरीन," तो न वळता म्हणाला, "मला पाण्याचा आवाज येतोय."

मी बाहीला नाक पुसलं, वल्ही नीट धरली आणि ही काठी काही आपण उद्या ट्रुडीला परत देत नाही, तिथून बोलायला सुरुवात केली.